शिकायला चाललाय तर चालायला पण शिका: एडिनबराला जाणाऱ्या सोलापूरकरांसाठी

ऑगस्ट उजाडला की मला फोन सुरू होतात. कुणाची तरी भाची, कुणाचा तरी मेव्हणा, व्हिसा आलाय म्हणे, ताई कुकर नेऊ का तिकडं मिळतो, चादरी किती घेऊ, डाळ चालते का विमानात. बॅगेचं सगळे विचारतात, पायांचं कुणीच विचारत नाही. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतेय, आता फोन आला की हेच पाठवणार.

मी एक वर्षाच्या मास्टर्ससाठी सोलापूरहून स्कॉटलंडला, एडिनबराला गेले होते. जायच्या आधीची माझी अवस्था सांगते, कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी मी स्कूटी काढायचे. हसू नका, तुम्ही पण तेच करता. आपल्याकडं माणूस चालतो ते एक तर देवासाठी नाहीतर शुगर निघाली म्हणून. कोजागिरीला तुळजापूरला पायी जायचं म्हटलं की हीच आपली माणसं पंचेचाळीस किलोमीटर हसत जातात, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांची फेरी दिवसभर चालते, तेव्हा कुणाचे पाय दुखत नाहीत. पण उगीच, काही कारण नसताना घराबाहेर पडून चालत सुटायचं हे आपल्या हिशोबात बसतच नाही. त्यात मुलगी असेल तर बघायलाच नको, सात रस्ता चौकात कुणी काकू भेटली की "कुठं चाललीस गं?" आणि त्याला उत्तर तयार पाहिजे. तुम्ही घरी पोचायच्या आत आईला फोन गेलेला असतो.

तिकडं गेल्यावर पहिल्यांदा कळलं की "कुठं" हा प्रश्न विचारणारंच कुणी नाही. पहिले दोन आठवडे त्याची मजा वाटली, मग त्याचंच रडू यायला लागलं, आणि मग मी चालायला लागले. कसं ते क्रमानं सांगते.

आधी सामान

- रुळलेले बूट, पाणी आत न जाणारे असतील तर उत्तम. एकच जोड नेणार असाल तर पैसे इथंच घाला, फॅशनच्या बुटात नको.
- लोकरीचे जाड मोजे, तीन जोड तरी. हे तिकडं जाऊन घ्या, आपल्याकडचे पुरत नाहीत.
- टोपीवालं पाणीरोधक जॅकेट. छत्री नको, का ते खाली सांगितलंय.
- पॉवर बँक. थंडीत फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम मान टाकते.
- पाण्याची बाटली. नळाचं पाणी थेट पिण्याचं असतं, विकत घेऊ नका.
- कॉलेजचं ओळखपत्र, बँकेचं कार्ड, आणि पासपोर्टचा फक्त फोटो फोनमध्ये. मूळ पासपोर्ट घेऊन भटकू नका, तो खोलीवर कुलपात. व्हिसा आता ऑनलाइनच असतो, त्याचं वेगळं कार्ड सांभाळायची भानगड नाही.
- घरचा पत्ता पिनकोडसकट कागदावर. तिकडं पिनकोडला पोस्टकोड म्हणतात आणि त्यावरून तुमच्या इमारतीच्या अगदी जवळ पोचता येतं.
- कडक भाकरी आणि शेंगा चटणी. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. चालताना खायला याच्यासारखी वस्तू नाही, महिनाभर टिकते, खिशात मावते, सांडत नाही. पण तूप, पेढे, खवा बॅगेत टाकू नका, दुधाचे पदार्थ आपल्याकडून तिकडं न्यायला बंदी आहे. आई ऐकणार नाही, तरी सांगा.

1. बूट सोलापुरातच रुळवून घ्या

ही चूक मी केली म्हणून पहिली लिहितेय. निघायच्या दोन दिवस आधी नवी पेठेत बूट घेतले, दुकानदार म्हणाला ताई हे घालून हिमालय चढाल. खोक्यातून काढले ते थेट एडिनबरात. तिसऱ्या दिवशी टाचेवर रुपयाएवढा फोड, आणि ओरिएंटेशनला मी बाथरूम स्लिपर घालून.

महिनाभर आधी घ्या, संध्याकाळी घ्या कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि जाड मोजा घालून मापा. रोज पहाटे ऊन चढायच्या आत संभाजी तलावाला किंवा सिद्धेश्वर तलावाला फेरी मारा, अर्ध्या तासानं सुरू करून तासावर न्या. फोड आलाच तर फोडू नका, वर पट्टी लावून झाका आणि एक दिवस पायाला सुट्टी. माझी मावशी सात वेळा तुळजापूरला चालत गेलीय, तिचा एकच नियम, "पाय चुरचुरला की तिथंच बस, पुढच्या झाडापर्यंत जाऊ म्हणू नकोस." एडिनबरात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला सल्ला हाच.

2. पहिल्या आठवड्यात घर ते कॉलेज तीन वेगळ्या रस्त्यांनी जा

लांब कुठं जायची घाई करू नका. बावीस वर्षं पूर्ण झाली नसतील तर स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्यांना बस फुकट आहे, त्याचं कार्ड काढा, मला तेवीस चालू होतं म्हणून माझं हुकलं आणि खरं सांगायचं तर तिकिटाचे पैसे वाचवायलाच मी चालायला लागले. आनंद वगैरे नंतर.

माझी खोली मार्चमाँट भागात होती आणि कॉलेज जॉर्ज स्क्वेअरला, मध्ये मेडोज नावाचं मोठं मैदान. सरळ गेलं तर पंधरा मिनिटं. एक दिवस सरळ गेले, दुसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेकडेनं, तिसऱ्या दिवशी मुद्दाम मागच्या गल्ल्यांतून. ही मेडोज म्हणजे पूर्वी तळं होतं, ते उपसून मैदान केलं. किल्ल्याकडं तोंड करून प्रिन्सेस स्ट्रीटची जी बाग आहे तिथं पण तळंच होतं. हे वाचल्यावर मला आपल्या सिद्धेश्वर तलावाचं फार कौतुक वाटलं, आपण निदान बुजवला तरी नाही.

तीन रस्त्यांचा फायदा असा की चौथ्या दिवशी तुमच्या डोक्यात नकाशा बसायला लागतो, आणि त्याच वेळी निघालात तर तीच माणसं दिसतात. एक आजोबा रोज आठ-वीसला पांढऱ्या कुत्र्याला घेऊन यायचे. पहिला आठवडा काहीच नाही, दुसऱ्या आठवड्यात मान हलवली, तिसऱ्या आठवड्यात "मॉर्निंग". एका सोमवारी मला ताप होता म्हणून गेले नाही तर मंगळवारी त्यांनी थांबून विचारलं, बरी आहेस ना. त्या दिवशी घरी फोन केला नाही मी. गरजच वाटली नाही.

3. फोनवरच्या निळ्या टिंबावर आंधळा विश्वास नको

हा एडिनबराचा खास सापळा आहे, यात सगळे फसतात. जुनं शहर उंचसखल आहे आणि रस्त्यांच्या खाली रस्ते आहेत. साऊथ ब्रिज नावाचा पूल 1788 साली झाला, त्याला 19 कमानी, पण दिसते फक्त एक, कारण बाकीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींनी झाकून टाकल्यात. वरून चालताना दुकानं, बस, माणसं, पूल आहे हे कळतच नाही. आणि त्या एका उघड्या कमानीखालून काऊगेट नावाचा रस्ता जातो.

माझं पहिलं ग्रुप स्टडी काऊगेटला होतं. फोन म्हणतो पोचलात. मी गोल गोल फिरतेय, फोन म्हणतो पोचलात. पावसात वीस मिनिटं. शेवटी कठड्यावरून वाकून बघितलं तर आमच्यातला लातूरचा पोरगा खाली तीन मजले अंतरावर उभा राहून हात हलवतोय, "अगं खाली ये की!" आता खाली यायचं कसं, उडी मारू?

तर नियम असा: नकाशावर दोन रस्ते एकमेकांना कापताना दिसले म्हणजे तिथं वळता येईलच असं नाही. जिना शोधा. जुन्या शहराचा मुख्य रस्ता म्हणजे रॉयल माईल, त्याच्यावरून दोन्ही बाजूंना अरुंद बोळ उतरतात, त्यांना क्लोज म्हणतात, बाळीवेशीतल्या बोळांसारखेच, फक्त पायऱ्यांचे. हेच तुमचे शॉर्टकट. अॅडव्होकेट्स क्लोजमधून एकदा उतरा, समोर अचानक अख्खं शहर उघडतं. पाऊस पडलेला असेल तर कठडा धरून, त्या दगडी पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्यात.

अजून एक, रस्ता विचारताना स्पेलिंग वाचून विचारू नका. शहराचं नाव एडिनबरा, एडिनबर्ग नाही. आणि कॉकबर्न लिहिलेलं दिसलं तर ते कोबर्न म्हणायचं. मी एका पोलिसाला ते जसंच्या तसं वाचून विचारलं होतं. त्याचा चेहरा अजून आठवतो.

4. हवा आणि अंधार

इथं लोक सगळ्यात जास्त गळपटतात म्हणून नीट वाचा.

आपण बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीतली माणसं. थंडीची भीती वाटते, पण तिथं थंडीपेक्षा त्रास वारा आणि अंधार देतो. छत्री उघडली की मिनिटभरात तिचं फूल होतं, कचऱ्याच्या डब्यात अशा मोडक्या छत्र्या खोचलेल्या दिसतील. तिथले लोक टोपी वर ओढतात आणि चालत राहतात. राखाडी आभाळ, धड पाऊस नाही धड कोरडं नाही अशा हवेला ते ड्रीख म्हणतात, शेवटचा ख घशातून. समुद्रावरून धुकं येतं त्याला हार म्हणतात, म्हणजे दुपारी ऊन होतं आणि तासाभरात समोरचा डोंगर गायब. कपडे थरांत घाला, एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ बरे, चढावर घाम आला की एक काढता येतो.

अंधाराचं गणित: डिसेंबरच्या मध्याला सूर्य उगवतो पावणेनऊच्या आसपास आणि मावळतो दुपारी पावणेचारच्या आत. दुपारी! लेक्चर संपवून बाहेर यावं तर रात्र. मला नोव्हेंबरात कळेनाच की मला झालंय काय, झोप येते, जेवण नको, सोलापूरहून भावाचा फोन आला, "काय करलालास बे" म्हणत, तर मी नुसती रडले. मग एका सीनियरनं सांगितलं की दुपारच्या सुट्टीत उजेड असेपर्यंत अर्धा तास बाहेर पड, जेवण चालत चालत खा. ढग असले तरी चालतील. मी तेच केलं, भाकरीचा तुकडा आणि चटणी रुमालात घेऊन रोज मेडोजला फेरी. तरी उदासी आठवडे-आठवडे हटत नसेल तर एकटं सोसत बसू नका, डॉक्टरकडं जा. व्हिसाच्या वेळी आरोग्याचा अधिभार भरलेलाच असतो, पोचल्या आठवड्यात जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवून टाका.

आणि जूनमध्ये उलटं, रात्री दहाला सूर्य मावळतो. तेव्हा घरी थांबलात तर माझ्याशी बोलू नका.

5. रस्ता ओलांडणं

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं, म्हणजे सवय मोडायची नाही. झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाडी थांबते. खरंच थांबते. पहिल्यांदा माझ्यासाठी एक गाडी थांबली तर मी घाबरून हातानं खूण केली, तुम्ही जा. तो म्हणे तुम्ही जा. मी म्हटलं नाही तुम्ही जा. मागं तीन गाड्या लागल्या, कुणी हॉर्न नाही. शेवटी मी पळत गेले आणि वर नमस्कार केला.

पण सोकावू नका. सगळीकडं झेब्रा नसतो, जिथं बटन आहे तिथं बटन दाबून सिग्नलवरच्या हिरव्या माणसाची वाट बघा. ट्रामचे रूळ ओले असले की पाय घसरतो, आडवे ओलांडा. जर्मनीला जाणाऱ्यांसाठी जाता जाता: तिथं लाल माणूस असताना ओलांडलं तर दंड होतो, शेजारी लहान मूल उभं असेल तर आजी लोक ओरडतात ते वेगळंच, आणि गाड्या उजव्या बाजूनं असल्यामुळं आधी डावीकडं बघायचं.

6. आता लांब

महिनाभरानं पाय तयार झाले की या क्रमानं जा.

आधी युनियन कॅनॉल. 1822 सालचा कालवा आहे, एकाच उंचीवरून फिरवत नेलाय त्यामुळं कडेची पायवाट सपाट, दम लागत नाही. फाउंटनब्रिजपासून सुरू करा, जेवढं जमेल तेवढं जा आणि परत या. मागून सायकलची घंटा वाजली की एका बाजूला व्हा, कानात गाणी लावू नका.

मग वॉटर ऑफ लीथ. ही नदी, नदी म्हणजे ओढाच, सीना बघितलेल्या माणसाला हसू येईल, पण तिच्या काठानं जवळजवळ वीस किलोमीटरची वाट आहे, बालेर्नोपासून लीथ बंदरापर्यंत. सगळी एका दिवसात करू नका. डीन व्हिलेज ते स्टॉकब्रिज हा तुकडा आधी, शहराच्या मधोमध आहात हे विसरायला होतं.

मग आर्थर्स सीट नावाचा डोंगर. सगळे पहिल्याच रविवारी तिकडं पळतात, स्लिपरवर, आणि खरचटून येतात. उंची 251 मीटर. आता एक गंमत, आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, म्हणजे त्या डोंगराचा माथा आपल्या अंगणापेक्षा खाली! पण चढ समुद्राजवळून सुरू होतो आणि वर वारा असा की बोलता येत नाही. पहिल्यांदा डनसापी तळ्याच्या बाजूनं गवतावरून चढा, तो सोपा. माथ्याजवळचे दगड पावसात साबणासारखे होतात. हा डोंगर जुना विझलेला ज्वालामुखी. दगडावर हात ठेवला तर काळा, खरखरीत, आणि मला एकदम भुईकोट किल्ल्याची भिंतच आठवली, आपला पण दगड लाव्हाचाच की. तिथं बसून मी आईला व्हिडिओ कॉल केला, मागं समुद्र, खाली शहर. आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं चालतीस, बसला पैसे नाहीत का गं?" दुसऱ्या दिवशी पप्पांनी खात्यात पैसे टाकले.

शेवटी क्रॅमंड, आणि हा धोक्याचा सापळा आहे. समुद्रात एक छोटं बेट आहे, ओहोटीला त्याच्यापर्यंत फरसबंद वाट उघडी पडते, भरतीला ती पाण्याखाली जाते. सुरक्षित वेळा काठावर फलकावर लिहिलेल्या असतात, साधारण ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास. दरवर्षी लोक तिकडं अडकतात आणि बचाव बोट बोलवावी लागते. आम्ही गेलो तेव्हा चाळीस मिनिटं उरली होती. लातूरकर म्हणाला पळत जाऊन येऊ. मी म्हटलं तू जा, तुझ्या घरचा नंबर देऊन जा. मग दोघंही काठावर बसून भाकरी खात बघत राहिलो. पाणी लाटेनं येत नाही, आधी वाटेतल्या खड्ड्यात चमकतं, मग दोन खड्डे जोडले जातात, मग बघता बघता मधली वाटच नाही. तो नंतर बराच वेळ काही बोलला नाही.

7. छोट्या पण कामाच्या गोष्टी

स्वच्छतागृहं कमी आहेत. चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय फुकट आहे, आत गरम असतं, तिथं जा, जाता जाता दोन वस्तू पण बघून होतात.

दुपारी एक वाजता किल्ल्यावरून तोफ उडते, रविवार सोडून बहुतेक रोज. पहिल्यांदा मी बसस्टॉपच्या मागं लपले होते. सुतळी बॉम्ब समजा आणि घड्याळ लावून घ्या.

कुत्र्याला हात लावायच्या आधी मालकाला विचारा.

रात्रीचं: शहर तसं चालायला बरं आहे म्हणून बेफिकीर राहू नका. अंधार पडल्यावर मेडोजमधून किंवा कालव्याकडनं एकट्यानं जाऊ नका, दहा मिनिटं जास्त लागली तरी दिव्यांच्या, दुकानांच्या रस्त्यानं या. एका मैत्रिणीबरोबर लोकेशन शेअर करून ठेवा, घरच्यांबरोबर नको, टिंब थांबलं की सोलापुरात देव पाण्यात ठेवतात. तातडीला 999, पोलिसांकडं बिगरतातडीचं काम असेल तर 101.

आणि आठवड्यातनं एक तरी फेरी फोन खिशात ठेवून, कुठं जायचं ते न ठरवता. हरवलात तर उत्तम, उतार धरून चालत राहिलं की बहुतेक वेळा समुद्राच्या बाजूला येता, तिथून बस मिळते.

8. परत आल्यावर

पायांची सवय जात नाही, हे कुणी सांगत नाही. मी आता पहाटे साडेपाचला संभाजी तलावाकडं जाते, सात वाजले की सोलापूरचं ऊन हाकलून लावतं. फूटपाथ आहे तिथं गाड्या लावलेल्या, नाही तिथं रस्त्याच्या कडेनं, कुत्री वेगळीच. परवा विजापूर रोडला गल्लीतले काका अॅक्टिव्हा थांबवून म्हणाले, "काय गं, गाडी बंद पडली का? बस मागं, सोडतो."

म्हटलं नाही काका, चाललेय अशीच.

"अशीच म्हणजे? कुठं?"

मी सांगितलं, दळण आणायला.